एक लंबक, दोनशे हमाल आणि मौना लोआ

पहाटे सहाच्या सुमाराला मौना लोआच्या वेधशाळेपाशी गाडी उभी केली. मित्राने दार उघडलं, चार पावलं गेला, गुडघ्यांवर हात टेकले आणि ओकला.

"काल रात्रीची कोळंबी," तो परत येऊन म्हणाला.

"असेल," मी म्हणालो.

आम्ही दोघंही इंजिनियर. दोन तासांपूर्वी हिलो गावात समुद्राच्या पातळीवर होतो आणि आता ११,१०० फुटांवर, म्हणजे एका कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तर तिच्याही थोडं वर. यात कोळंबीचा काही दोष नाही हे दोघांनाही कळत होतं. पण तीन दिवसांची सुट्टी, कॅलिफोर्नियाहून पाच तासांचा विमानप्रवास आणि भाड्याची गाडी एवढा सगळा खर्च करून झाल्यावर माणूस कोळंबीवर विश्वास ठेवतो. भाड्याच्या गाडीच्या करारात 'सॅडल रोडवर गाडी नेऊ नये' असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. त्या काळी तिथल्या बहुतेक गाडीवाल्यांचा तो नियमच होता. तेही आम्ही वाचलेलं नाही असं ठरवलं होतं.

ही गोष्ट फेब्रुवारी २००७ची, प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीतली. आदल्या दिवशी नॅशनल पार्कच्या ऑफिसात चौकशी केली तेव्हा रेंजरबाईंनी सांगितलं होतं की नैर्ऋत्येकडून कोना वादळ सरकतंय, दुपारनंतर माथ्यावर बर्फ पडेल, शक्यतो जाऊ नका. मी म्हटलं, "दुपारपर्यंत आम्ही परत येऊ." बाईंनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला नंतर पुष्कळदा आठवलं.

हवाईत आलेला शहाणा मराठी माणूस समुद्रकिनारी पडून राहतो. मला मात्र डोंगरावर जायचं होतं, तेही शिखरासाठी नव्हे. मला दगडांची काही कुंपणं बघायची होती. डिसेंबर १८४० ते जानेवारी १८४१ या काळात चार्ल्स विल्क्स नावाच्या अमेरिकन आरमारी अधिकाऱ्याने मौना लोआच्या माथ्यावर, ज्वालामुखीच्या मुखाच्या अगदी काठावर, तळ ठोकून लंबकाचे प्रयोग केले होते. त्या तंबूंभोवती रचलेल्या भिंतींचे अवशेष अजून आहेत असं वाचलं होतं. विल्क्सच्या प्रवासवर्णनाचा चौथा खंड युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून आणून मी तो अधाशासारखा संपवला होता. सौ.चं म्हणणं, दगड बघायला पुण्याच्या आसपास पुष्कळ किल्ले आहेत. तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. ती आणि मुलगी हिलोलाच थांबल्या.

मौना लोआ म्हणजे 'लांब डोंगर'. नाव अगदी बरोबर आहे. आपल्या डोक्यात ज्वालामुखी म्हटला की उलटा ठेवलेला नरसाळ्याचा आकार असतो. हा तसा नाही. जमिनीवर ढाल पालथी ठेवावी तसा तो पसरलेला आहे, इतका की पायथ्याशी उभं राहिलं तर डोंगर आहे हेच कळत नाही, नुसतं क्षितिज जरा वर उचलल्यासारखं वाटतं. उंची १३,६७९ फूट, आणि आकारमानाने जगातल्या सक्रिय ज्वालामुखींमध्ये तो पहिल्या नंबरचा मानला जातो. १८४३पासून १९८४पर्यंत त्याचा तेहतीस वेळा उद्रेक झाला. आम्ही गेलो तेव्हा तो तेवीस वर्षं गप्प होता, पण झोपलेला नव्हता. २००२पासून त्याच्या पोटात पुन्हा लाव्हा भरू लागला होता आणि डोंगर फुगत असल्याचं जीपीएसच्या मापांत दिसत होतं.

वेधशाळेपासून पुढे पायवाट अशी नाहीच. काळ्या खडकावर ठराविक अंतराने दगड रचून ठेवलेले असतात, त्यांना हवाईयन भाषेत 'आहू' म्हणतात. एका आहूपाशी उभं राहायचं, पुढचा शोधायचा, तिथवर जायचं. खडक दोन जातींचा. एक 'पाहोएहोए', घोटीव, सायीसारख्या सुरकुत्या पडलेला. दुसरा 'आआ', जळून कडक झालेल्या खरवडीसारखा, बुटाचे तळवे खाणारा. हे शब्द इथल्या लोकांचे, पण जगभरच्या भूगर्भशास्त्राने ते उचलले. आपल्या सह्याद्रीचा कातळही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच, आणि त्याचं वर्णन करणारे आपले शास्त्रज्ञसुद्धा हेच दोन शब्द वापरतात. राजगड-तोरण्याला आपण ज्या दगडावर पाय आपटत जातो त्याचं बाळपण कसं दिसत असेल ते बघायचं असेल तर इथे यावं.

पहिला तास बरा गेला. सूर्य उगवला, समोर मौना केआचं पांढरं डोकं गुलाबी झालं, आम्ही फोटो काढले. मित्राचं डोकं दुखत होतं, त्याने गोळी घेतली. आठाच्या सुमाराला खालून ढग चढायला लागले.

या डोंगरावर आधी कोण चढलं, या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर म्हणजे आर्चिबाल्ड मेंझिज, व्हॅंकूव्हरच्या मोहिमेतला डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ, फेब्रुवारी १७९४. पण उत्तराच्या आतच खरी गोष्ट दडलेली आहे. मेंझिजने आधी पश्चिमेकडून प्रयत्न केला आणि तो फसला. मग राजा कामेहामेहाने त्याला सल्ला दिला की होडीने दक्षिणेकडे जा आणि आमच्या वाटेने चढ. म्हणजे वाट होती! तिचं नाव आइनापो. मुखात अग्नी पेटला की पेले देवीला नैवेद्य घेऊन लोक तिच्यावरून वर जात. पाणी कुठल्या लाव्हाच्या गुहेत मिळतं, आडोसा कुठे, हे सगळं माहीत असलेली ती रुळलेली वाट होती. तिच्यावरून मेंझिज माथ्यावर पोचला, बॅरोमीटरने उंची मोजली आणि ती १३,५६४ फूट भरली. खऱ्या उंचीपेक्षा सव्वाशे फुटांहून कमी फरक! १७९४ साली, गारठलेल्या बोटांनी काढलेल्या मापाला एवढी चूक आम्ही इंजिनियर लोक आनंदाने माफ करू. पण 'पहिला चढणारा' हे बिरुद मात्र त्याला 'पहिला लिहून ठेवणारा' असं करूनच द्यावं लागेल.

साडेनवाला आम्हाला पुढचा आहू दिसेनासा झाला.

धुकं आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकावर आपण डोळे मिटून जातो असं मित्र म्हणत होता. पण सह्याद्रीत धुक्यातही खाली पायवाट असते, चिखलात कुणाचा तरी पाय उमटलेला असतो, झुडूप असतं. इथे खाली काळं आणि वर पांढरं, बाकी काही नाही. मग बारीक बर्फ पडू लागला आणि खालचंही पांढरं होऊ लागलं. आम्ही युक्ती काढली की एकाने आहूपाशी थांबायचं, दुसऱ्याने हाका मारत पुढचा शोधायचा, सापडला की पहिल्याने यायचं. युक्ती चांगली होती, फक्त तिने वेग अर्ध्यावर आला.

आता विल्क्सकडे वळू, कारण त्याच्या वेळीही असंच सुरू झालं होतं.

अमेरिकन सरकारने १८३८मध्ये सहा जहाजं देऊन विल्क्सला पॅसिफिकच्या पाहणीवर पाठवलं. सप्टेंबर १८४०मध्ये ही मंडळी होनोलुलूला पोचली. जहाजांची दुरुस्ती लांबली, तेव्हा विल्क्सने हिवाळा हवाईत काढून ज्वालामुखींचा अभ्यास करायचं ठरवलं. राजा तिसऱ्या कामेहामेहाने दुभाषा म्हणून डॉक्टर जड या अमेरिकन मिशनऱ्याला बरोबर दिलं. १४ डिसेंबरला हिलोहून निघालेली वरात डोळ्यांसमोर आणून बघा. दोनशे हमाल, चाळीस डुकरं, एक बैल, आणि पन्नास माणसं नुसतं पोई वाहणारी. पोई म्हणजे अळकुड्या उकडून, कुटून केलेली आंबूस खळ. आपल्याकडे अळूचं फदफदं वाढणारे पंगतीत असतात, इथे मोहिमेत होते. कुणाच्या खांद्यावर तंबू, कुणाच्या पाठीवर घड्याळाची पेटी, कुणाच्या डोक्यावर तळणीचा तवा, कुणाकडे लंबकासाठी बनवलेल्या सुट्या लाकडी घराच्या फळ्या. एवढं करून निघाल्यावर लक्षात आलं की अर्धं सामान मागेच राहिलंय. मग आणखी माणसं, अर्थात चढ्या मजुरीने.

दोन दिवसांनी किलाउएआला पोचल्यावर पुहानो नावाचा वाटाड्या सरळ आइनापोच्या वाटेकडे वळला. त्यासाठी थोडं खाली उतरावं लागणार होतं. विल्क्सला ते मान्य नव्हतं. वर जायचंय तर खाली कशाला? त्याने होकायंत्र काढलं आणि जंगलातून झाडं तोडत नाकासमोर वाट पाडायला सुरुवात केली. त्यांतली काही झाडं हवाईयन लोकांना पवित्र. त्यांना ही नासाडी आवडली नाही.

मला या ठिकाणी विल्क्सचा राग यायला हवा, पण खरं सांगतो, मला तो ओळखीचा वाटतो. नकाशावर दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ मारणारा आणि तिथल्या माणसाला न विचारणारा प्रोजेक्ट मॅनेजर मी पाहिलेला आहे. काही वर्षं मीच तो होतो.

सहा हजार फुटांवर जंगल संपलं. तिथल्या तळाला नाव पडलं रविवारचा तळ. विल्क्सला वाटलं, आलंच शिखर. तिथे त्यांना दोन नवे वाटाडे मिळाले. एक केआवेएहू, धंद्याने पक्षी पकडणारा. हवाईत सरदारांचे झगे पक्ष्यांच्या पिसांचे करत, त्यामुळे पक्षी धरणाऱ्यांना डोंगर पाठ असे. दुसऱ्याला सगळे रॅग्सडेल म्हणत, त्याचं खरं हवाईयन नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही. या दोघांनी सांगितलं की अजून अर्धी वाटसुद्धा झालेली नाही. शिवाय तळावर पाण्याचा थेंब नव्हता. मग माणसं दहा मैल मागे पाठवावी लागली, पाणी असलेल्या एका लाव्हाच्या गुहेकडे. ती गुहा कुठे होती? आइनापोच्या वाटेवर. २२ डिसेंबरला सगळा लवाजमा अखेर त्याच वाटेला येऊन लागला.

पुढे हिमवादळ सुरू झालं. कुडावर चटई टाकून राहणारी, उघड्या पायांची किंवा फार तर पानांच्या चपलांची माणसं, आणि समोर वितळायचं नाव न घेणारं बर्फ. बहुतेक हमालांना पुढची खेप आणायला खाली पाठवलं होतं. विल्क्स आणि आठ जण दगडांचं गोल कुंपण रचून त्यावर कापड ताणून झोपले. रात्री बर्फाच्या वजनाने छप्पर अंगावर आलं. दुसऱ्या दिवशी ते मुखाच्या काठावर पोचले. त्या मुखाचं नाव मोकुआवेओवेओ, खोल, उभ्या कड्यांचं. काठापासून साठ फुटांवर तंबू ठोकला. सकाळी विस्तव पेटेना, काड्यापेट्या खालून मागवाव्या लागल्या. नाताळचा दिवस भिंती रचण्यात गेला. त्याच या भिंती, ज्या मला बघायच्या होत्या.

याच सुमाराला हमालांनी ठरलेल्या अटींवर पुढे काम करायचं नाकारलं आणि बोलणी फिसकटली. जहाजांवरून खलाशी आणि नौसैनिक बोलवावे लागले. शिस्तीतल्या त्या गोऱ्या गड्यांचेही बूट आआने खाल्ले, डोकी दुखली, पोटं उलटली, आणि डॉक्टर जड बिचारा वरच्या आणि खालच्या तळांमध्ये रोगी तपासत फिरत राहिला. म्हणजे हमाल आळशी होते म्हणून काम अडलं असं काही नव्हतं. डोंगर तसाच होता, आणि हमालांना तो बाकीच्यांच्या आधी कळला एवढंच.

आणि हे सगळं कशासाठी? एका लंबकासाठी. लंबकाचा झोका गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतो. समुद्रकाठी आणि डोंगरावर तोच लंबक हलवून बघितला तर फरकावरून पृथ्वीच्या आकाराबद्दल आणि डोंगराच्या पोटातल्या वस्तुमानाबद्दल काही सांगता येतं. फरक केवढा? मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. नुसत्या उंचीमुळे लंबकाचं घड्याळ या माथ्यावर दिवसाला जवळजवळ एक मिनिट मागे पडेल. डोंगराचं स्वतःचं आकर्षण त्यातली काही सेकंदं परत देईल. ती परत मिळालेली सेकंदं मोजण्यासाठी हा खटाटोप. आता दुसरी बाजू. लंबकाचा दांडा पितळी धरला, तर पाच अंश सेल्सियसच्या फरकाने त्याची लांबी एवढी बदलते की दिवसाला चार सेकंदांची चूक सहज होते. म्हणजे तापमान सांभाळलं नाही तर पुरा प्रयोग पाण्यात. आणि प्रयोगशाळा कुठे, तर वादळात, लाकडी खोक्यात.

खोकं उभं राहिलं ३१ डिसेंबरला. पायासाठी छिन्नीने कातळ तासला. घड्याळ जुळवायला आणखी तीन दिवस. आणि मग कळलं की वाऱ्याच्या आवाजात घड्याळाची टिकटिकच ऐकू येत नाही! तापमान वरखाली होतच होतं, म्हणून खोक्याला गुंडाळायला गवत आणायचं ठरलं. गवत वर उगवत नाही. तेव्हा गवताचे भारे थेट डोंगराच्या खालच्या उतारांवरून पाठीवर घालून वर आणले गेले. तेरा हजार फुटांवर गवताचा भारा घेऊन चढणाऱ्या माणसाला हे कशासाठी चाललंय असं सांगितलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

आमची स्वारी साडेअकराला तेरा हजार फुटांवर, वाटा फुटतात त्या ठिकाणी पोचली. तिथे जवळच खडकात एक खबदाड आहे, जॅगरची गुहा म्हणतात. थॉमस जॅगर म्हणजे १९१२मध्ये किलाउएआला ज्वालामुखी वेधशाळा स्थापन करणारे शास्त्रज्ञ. गुहा म्हणजे काही वेरूळ नव्हे, दोन-चार माणसं अंग चोरून बसतील एवढा खड्डा. पण वारा लागत नव्हता. मित्र आत जाऊन बसला. पुरणपोळी दिली तर म्हणाला नको. हा माणूस पुरणपोळीला नको म्हणाला! बोलताना त्याचे शब्द एकमेकांवर चढत होते. हातमोजा उलटा घालायचा प्रयत्न करत होता.

"तू पुढे जाऊन ये," तो म्हणाला. "मी बसतो."

विल्क्सच्या भिंती तिथून दोन मैल, मुखाच्या पूर्व काठाला. मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. उंचीचा आजार हा खाली उतरल्यानेच बरा होतो, थांबून नाही. तरीही मी म्हणालो, "फार तर तासाभरात येतो," आणि निघालो.

पंधरा मिनिटं चाललो असेन. तीन आहू ओलांडले, चौथा दिसेना. मागे वळलो तर तिसराही नव्हता. वारा असा की स्वतःची हाक स्वतःला ऐकू येत नव्हती. डावीकडे कुठेतरी ते मुख होतं, सहाशे फुटांच्या कड्यांचं, आणि डावीकडे म्हणजे नक्की कुठे ते मला आता सांगता येत नव्हतं. मी उभा राहिलो. घड्याळाची टिकटिक न ऐकू येणं म्हणजे काय हे मला त्या वेळी समजलं. नंतर खाली वाकून बघितलं. बर्फावर माझ्याच बुटांचे ठसे होते, अर्धे भरत आलेले. त्यांच्यावर नजर ठेवून, जवळजवळ ओणवा होऊन, मी परत आलो. आणखी दहा मिनिटं थांबलो असतो तर तेही राहिले नसते.

मित्र तसाच बसलेला होता. "भिंती बघितल्यास?" त्याने विचारलं.

"बघितल्या," मी म्हणालो. का खोटं बोललो, माहीत नाही. दहा वर्षांनी त्याला खरं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या भुवयांवर बर्फ होता आणि कॅमेरा सॅकमध्येच होता."

उतरायला चार तास लागले. एका आहूपासून दुसऱ्यापर्यंत मी त्याच्या सॅकचा पट्टा धरून चालत होतो. वेधशाळेचे पांढरे घुमट दिसले तेव्हा पाऊस पडत होता. साधा, ओला, आपला पाऊस. याच वेधशाळेत १९५८पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. त्या प्रसिद्ध चढत्या आलेखाचा जन्म इथला. डोंगरावर मोजमाप करायची विल्क्सची हौस वाया गेली नाही असं म्हणायला हरकत नाही, फक्त पुढच्यांनी आधी रस्ता बांधला आणि पत्र्याचं छप्पर घातलं.

रस्त्यावरून आठवलं. किलाउएआच्या बाजूने माथ्यावर जाणारी जी मोठी पायवाट आज आहे ती १९१५मध्ये बांधली गेली. जॅगरना उद्रेकाच्या वेळी वर पोचायला वाट हवी होती. ती बांधली अमेरिकन सैन्याच्या २५व्या इन्फंट्रीच्या सैनिकांनी. ही काळ्या सैनिकांची पलटण. त्यांनी आआ फोडून, दगड लावून वाट केली आणि दहा हजार फुटांवर तांबड्या टेकडीपाशी एक झोपडं आणि घोड्यांसाठी तबेला उभारला. गुहेला जॅगरचं नाव आहे. वाट फोडणाऱ्यांची नावं कुठल्या दगडावर मला दिसली नाहीत.

विल्क्सने मात्र आपलं नाव नाही तरी आपल्या मोहिमेचं नाव कोरून ठेवलं. १३ जानेवारी १८४१ला तळ हलवताना एका दगडावर 'पेंड्युलम पीक, जानेवारी १८४१' असं कोरलं गेलं. सामान उतरवायला पुन्हा हवाईयन हमाल आले आणि विल्क्सने त्यांच्याकडून लोमीलोमी म्हणजे तिकडचं मालीश करवून घेतलं. प्रयोगाचं फळ काय? सांगण्यासारखं काही नाही. आकड्यांत विसंगती राहिल्या आणि त्याने त्यांचं खापर भरती-ओहोटीवर फोडलं. आमच्या कोळंबीची आठवण झाली. अर्थात त्याला हसणं सोपं आहे. याच लंबकाच्या कामापायी १८७१मध्ये भारताच्या सर्वेक्षण खात्याचा कॅप्टन बेसेव्ही लडाखात थंडीने गेला. या लोकांच्या हट्टाला मी नावं ठेवीन, पण धैर्याला नाही.

दुसऱ्या दिवशी मित्र ठणठणीत होता. आम्ही सगळे किलाउएआ बघायला गेलो, तिथे गाडी काठापर्यंत जाते. विल्क्सच्या मोहिमेतला मला सर्वांत आवडलेला प्रसंग या ठिकाणचा आहे. माथ्यावरून उतरल्यावर, जानेवारी १८४१मध्येच, डॉक्टर जड काही हवाईयन मंडळींना घेऊन इथे उतरले. वायूचे आणि वितळलेल्या लाव्हाचे नमुने गोळा करायचे होते, आणि लाव्हा काढायला हत्यार काय, तर काठीला बांधलेला तळणीचा तवा. जड एका लहान खड्ड्यात उतरले असताना शेजारीच लाव्हाचं कारंजं उसळलं. वर चढायला जावं तर कडा बाहेर झुकलेला. बरोबरची मंडळी पळाली. कालुमो नावाचा एकजण परत फिरला. आगीकडची बाजू वळवून त्याने वरून हात खाली घातला, धग सोसेना म्हणून मागे झाला, आणि पुन्हा हात घालून डॉक्टरांना वर ओढून काढलं. डॉक्टरांची मनगटं भाजली, कालुमोच्या चेहऱ्यावर फोड आले. काही क्षणांत तो खड्डा लाव्हाने भरला. गंमत म्हणजे त्यानंतर जड शांतपणे तव्यात लाव्हा घेऊन आले!

त्या दोनशेहून जास्त माणसांपैकी मला नावानिशी माहीत आहेत ती तीन. पुहानो, केआवेएहू आणि कालुमो. एक ज्याची वाट विल्क्सने नाकारली, एक ज्याने त्याला आपण कुठे आहोत ते सांगितलं, एक जो परत फिरला. चौथा रॅग्सडेल, पण ते त्याचं नाव नव्हेच.

मी काठावर उभा राहून हे सगळं मोठ्या उत्साहाने सौ.ला सांगत होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि काल तुम्ही दोघं वर नक्की काय करत होतात?" मित्र हालेमाउमाउच्या वाफेकडे फार लक्ष देऊन बघू लागला.

भिंती बघायला पुन्हा जाईन असं मी पंधरा वर्षं म्हणत राहिलो. २७ नोव्हेंबर २०२२च्या रात्री, अडतीस वर्षांच्या शांततेनंतर, मौना लोआ जागा झाला. लाव्हा आधी माथ्यावरच्या मोकुआवेओवेओत आला आणि मग ईशान्येच्या भेगेतून खाली वाहू लागला. दुसऱ्या दिवशी त्याने वेधशाळेचा रस्ता आणि विजेची तार तोडली. मोजमापात खंड पडू नये म्हणून शास्त्रज्ञांना यंत्रं समोरच्या मौना केआवर न्यावी लागली. मी ऑफिसात दिवसभर त्या लाल रेघेचे व्हिडिओ बघत बसलो होतो. संध्याकाळी मित्राचा संदेश आला. सोबत तुटलेल्या रस्त्याचा हवाई फोटो, काळ्या आआखाली गडप झालेलं डांबर, आणि खाली एकच ओळ.

"मी ओकलो होतो ती जागा वाचली का रे?"